चौथी धाव

माझी नणंद सावेरिया भट्टीवाली. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियातल्या आमच्या गावात पावाची भट्टी एकच, आणि तिच्यासारखी फटकळ बाईही एकच. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला घाबरायचे. अजूनही घाबरते, पण आता त्यात अभिमान असतो.

तिची भट्टी एकदा जळाली. जळाली म्हणजे जाळली. आमच्या डोंगराच्या वरच्या अंगाला एक घराणं राहतं. त्यांचं नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘वरचे’ म्हणतात. दुकान चालवायचं तर वरच्यांना महिन्याच्या महिन्याला पाकीट पोचवायचं, ही गावाची रीत. सावेरियाच्या नवऱ्यानं ते दिलं नाही. आग कुणी लावली ते अर्ध्या गावानं पाहिलं, आणि पोलीस आले तेव्हा अख्खं गाव आंधळं झालं. नवऱ्यानं हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत गेला. सावेरियानं भट्टी पुन्हा बांधली. पाकीट दिलं नाही ते नाहीच.

आता गंमत बघा. ईस्टरच्या सकाळी आमच्या चौकात तीन मूर्ती निघतात. एका टोकाला मरणातून उठलेला येशू, दुसऱ्या टोकाला काळा झगा पांघरलेली मारिया माता, आणि मधे येशूचा शिष्य संत योहान. ‘तुझा मुलगा उठला’ हे आईला कळवायचं, म्हणून योहानाला खांद्यावर घेऊन चौघे जण इकडून तिकडे पळतात, तीन खेपा. तिसऱ्या खेपेला मातेच्या झग्याचा दोर ओढायचा. काळा झगा गळून पडतो, खालचा निळा दिसतो, घंटा वाजतात. झगा अडकला किंवा योहान पडला, तर द्राक्षांपासून बाळंतिणींपर्यंत सगळ्यांचं वर्ष वाईट जाणार. आणि हा योहान पूर्वी कुणाच्या खांद्यावर? वरच्यांच्या. ज्यांनी भट्टीला काडी लावली तेच आनंदाची बातमी घेऊन पळायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मला तर तेव्हा देवाचाच राग यायचा.

मग एका वर्षी नवे आलेले फादर विताल्यानो प्रवचनात सरळ म्हणाले, “ज्यांच्या भीतीनं गाव तोंड उघडत नाही, त्यांनी या मूर्तीला हात लावायचा नाही.” मग फादर खांदेकरी शोधत घरोघर हिंडले, आणि काय चमत्कार, गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या पाठी एकदमच धरल्या. आमचे हे, कोझिमो, सावेरियाचे सख्खे धाकटे भाऊ, तेही गरम विटेनं कंबर शेकत बसले.

सावेरिया पिठाच्या हातांनीच आमच्या घरी आली.

“कसली पाठ रे, कोझिमो? परवा तर ऑलिव्हच्या तेलाची पिंपं चढवत होतास.”

“ताई, समजून घे. घरात लेकरं आहेत.”

“लेकरं आहेत म्हणूनच सांगते. योहान वरच्यांच्या खांद्यावर बघून ती काय शिकतात? देवसुद्धा त्यांनाच मुजरा करतो, हेच ना?”

ह्यांनी विटेची बाजू तेवढी बदलली. तशी ती माझ्याकडे वळली. “तिना, यंदा झग्याचा दोर तू ओढ. दरवर्षी मी ओढते, पण यंदा मी योहानाखाली असणार.”

“अहो वन्सं, बायकांनी कधी योहान उचललाय का?”

“येशू उठला त्या पहाटे त्याच्या थडग्याशी कोण गेलं होतं गं? पुरुष तर घराला आतून कडी लावून बसले होते. बातमी आधी बायकांनाच कळली. आणि पिठाची पोती उचलणाऱ्या बाईला लाकडाच्या योहानाचं काय कौतुक?”

संत्र्याच्या बागांत मजुरी करणाऱ्या तिघी तिला मिळाल्या. ही गोष्ट डोंगरावर पोचायला कितीसा वेळ लागतो? वरच्यांचा थोरला मुलगा, सांतो, भट्टीवर आला. तोवर योहानाचा पुढचा दांडा त्याचाच. गोड बोलला.

“मावशी, जपून हं. तुम्ही पडलात तर गाव स्वतःहून आमच्याकडे येईल. म्हणेल, बाबांनो, आता कायमचं तुम्हीच उचला. मग त्या फादरनाही इथे काही काम उरणार नाही.”

“पडेन की नाही ते चौकात येऊन बघ. आणि बाजूला हो, मागचे खोळंबलेत.”

ईस्टरला सकाळपासून बेफाम वारा. चौक भरलेला, पण टाळी नाही की हाक नाही. लोक आमच्याकडे बघायचे आणि लगेच कॅफेच्या दारातल्या सांतोकडे. चौघी पहिली खेप पळाल्या. दुसरीही नीट झाली. तिसऱ्या खेपेला योहान मातेसमोर येऊन थांबला, मी दोर ओढला. झगा हलला, आणि डाव्या खांद्यावर अडकला. मी पुन्हा ओढला. ढिम्म.

“वाया गेलं हे वर्ष,” कुणीतरी म्हातारी म्हणाली. सांतोनं हाताची घडी घातली आणि हसला. कडेचे लोक हळूहळू काढता पाय घेऊ लागले.

दांड्याखालून सावेरिया हळूच म्हणाली, “तिना, तिथे टाका आहे. वाऱ्यानं आधीच उडू नये म्हणून काल मीच घातला. उसवायचा राहिला.”

“आता काय करू?”

“फाड.”

“वन्सं, आजेसासूबाईंच्या वेळची मखमल ती.”

“फाड म्हणते ना. पण आम्ही परत आल्यावर. आधी बातमी, मग झगा.” आणि मान वर करून तिनं चौकाला ऐकवलं, “आईला अजून पटलेलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी मेलेला पाहिलाय तिनं मुलगा, तीन खेपांत कशी विश्वास ठेवेल? पुन्हा सांगायला जातो आम्ही.”

कडेचे लोक थबकले. चौथी खेप कुणी ऐकली नव्हती, पण ‘नको’ म्हणायलाही कुणाला सुचेना. चौघी वळल्या आणि त्यातल्या एकीचा गुडघाच गेला. ती खाली बसली. योहान कलला. मी डोळे मिटले.

उघडले तर दांड्याखाली आमचे हे. विटेनं कंबर शेकणारा माणूस बकरीसारखा उड्या मारत गर्दीतून आला होता.

“कोझिमो,” सांतो दारातूनच म्हणाला, “विचार कर.”

“इतकी वर्षं तेच तर केलं,” हे म्हणाले. “ताई, चल.”

तिघी आणि एक असे ते येशूपर्यंत पळाले आणि परत आले. मी दोर दोन्ही हातांना गुंडाळला आणि सगळं अंग मागे टाकलं. मखमल टरकल्याचा आवाज चौकभर झाला. काळा झगा पडला, मीही पडले, आणि खाली पडल्या पडल्याच रडायला लागले. वर माता निळी, स्वच्छ उभी. घंटा वाजवायला दुसरं कुणी पुढे होईना, तेव्हा फादरच घंटेच्या दोराला लोंबकळले. मग कुठे टाळ्या आल्या, आधी चुकार, नंतर थांबेचनात.

सणाची सुट्टी संपून भट्टी उघडली, तेव्हा मी वन्संच्या हाताशी होते. रांगेत सांतो.

“झगा फाटला, मावशी. लोक म्हणतात, अपशकुन झाला.”

“फाटला, पण पडला,” ती म्हणाली आणि त्याचा पाव बांधू लागली.

त्यानं आवाज खाली आणला. “पुढच्या वर्षी आमची जागा आम्हाला परत पाहिजे.”

“घे की. देवाचं दार कुणाला बंद आहे?” ती मात्र नेहमीच्याच चढ्या आवाजात बोलत होती. “चौकात उभं राहायचं, ही भट्टी कुणी जाळली ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मग योहानाला खांदा लावायचा.”

सांतोनं मागे वळून पाहिलं. बायकांची रांग दारापर्यंत होती, सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या, आणि एकीनंही मान खाली घातली नाही.