कावड फसवत नाही

भिवंडीच्या एका कॉलेजात तात्यांनी छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसली. हुद्दा शिपायाचाच, पण रुईच्या कुळातलं फूल आलं की प्राध्यापकसुद्धा घसा खाकरून म्हणायचे, "तात्या, जरा बघता का?" या कुळाच्या फुलात पराग सुटा नसतो. एका काळ्या ठिपक्याला जोडलेल्या दोन पिवळ्या पिशव्या असतात, कावडीसारख्या. सुईच्या टोकाने ती कावड अलगद उचलायची आणि बघायचं. पिशव्या खाली लोंबत असतील तर रुईची भावकी, वर उभ्या असतील तर हरणदोडीची. "पानं फसवतात, चीक फसवतो, कावड फसवत नाही," असं तात्या पोरांना सांगत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. शनिवारी धामणकर नाक्यावर माळा विकणाऱ्या राहीबाईपाशी थांबून ते रुईचं फूल उलगडत बसायचे. ती करवादायची, "तात्या, मारुतीला तरी ठेवा काय!"

गेल्या भाद्रपदात भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामामागे, कुंपणाच्या तारेवर त्यांना रुईच्याच कुळातली एक वेल दिसली. तिच्या एकुलत्या एक सुकल्या फुलात, पाकळ्यांच्या आतला मुकुट दुहेरी होता. तसा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कावड मात्र मुंग्यांनी फस्त केलेली. कॉलेजातल्या आसावरी मॅडम म्हणाल्या, "ताजं फूल आणा तात्या. वेल नवी निघाली तर शोधणारा म्हणून तुमचं नाव छापू." छत्तीस वर्षांत तात्यांचं नाव हजेरीपटापलीकडे गेलं नव्हतं. म्हातारा हरखून गेला. एक फांदी आणून गॅलरीत लावली, ती कुजली. तशी दुसरी वेल आसपास कुठे सापडली नाही.

या आषाढात वेलीवर मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. फुलायला पंधरा दिवस तरी हवे होते. रोज वळला खेपा घालणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून तात्यांनी गोदामाच्या वॉचमनला गाठलं. रामसूरत जौनपूरचा, पापभीरू माणूस. तात्यांनी आपली ठेवणीतली हिंदी काढली, "भैया, पीछे वो रुई की बेल है ना, उसको संभालना. मेरे लिए बहुत कीमती है."

"बेफिकर रहो, चाचा."

सोळाव्या दिवशी तात्या सुई, भिंग आणि डबी घेऊन पोचले. रामसूरत धावतच पुढे आला आणि त्यांना मागे घेऊन गेला. तिथे पत्र्याच्या कडेला कापसाची एक गाठ विटांवर चढवलेली होती, वरून ताडपत्री.

"एक बूंद नहीं लगने दी, चाचा. सेठ का आदमी दो बार उठाने आया. मैं बोला, ये चाचा का माल है."

तात्यांना आधी कळेना. मग कळलं. हिंदीत रुई म्हणजे कापूस, आणि गोदामात बेल म्हणजे गाठ. त्याच्या गावाकडे रुईला मदार म्हणतात, हेही तात्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तोंडात आलं नाही, एवढंच.

त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. तार उघडी होती.

"वेल कुठाय?" त्यांच्या तोंडून मराठीच निघालं.

"वो जंगली लता? हवा से ताडपत्री उड़ती थी, तो जड़ से उखाड़के उसी से बांध दी. रस्सी से मजबूत है."

"और जड़?"

"नाले में फेंक दी."

तात्या उकिडवे बसले. दोरीसारख्या पिळलेल्या वेलीवर चार कळ्या शिल्लक होत्या, काळ्या पडलेल्या. त्यांनी एक फोडली, दुसरी फोडली. आत नुसता सुकलेला चीक. कावड धरायच्या आतच वेल मेली होती. उरलेल्या दोन त्यांनी फोडल्या त्या केवळ मन मानेना म्हणून.

रागवायचं तरी कुणावर? बिचारा आपल्या शब्दाखातर शेठच्या माणसाशी भांडला होता. तात्यांना ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि समोर तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

"ठीक संभाली ना, चाचा?"

"बहुत अच्छी संभाली," तात्या म्हणाले.

तेवढ्यात वारा सुटला आणि ताडपत्रीचा एक कोपरा उडाला. रामसूरतने वेलीचं एक टोक तात्यांच्या हाती दिलं. "जरा कसके पकड़ो, चाचा." तात्यांनी ते घट्ट ओढून धरलं आणि त्याने वर गाठ मारली.