दगडी घरातली माणसं

अक्कलकोटच्या दक्षिणेला, कानडी मुलूख सुरू होतो तिथल्या माळावर चार उभ्या शिळा होत्या आणि त्यांच्यावर छपरासारखी एक आडवी. पूर्वेच्या शिळेला डोकं आत जाईल एवढं गोल भोक. मायाप्पा धनगराच्या घराण्यात ती मूळपुरुषाची जागा मानायचे. मेंढी व्याली की पहिलं दूध त्या भोकातून आत ओतायचं, हे त्याच्या आज्यापासून चालत आलेलं.

१९३४ च्या उन्हाळ्यात पुण्याहून एक साहेब ती जागा खोदायला आले. मायाप्पा आधी आडवा आला. मग त्याला वाटलं, परक्याची कुदळ लागण्यापेक्षा आपलाच हात लागलेला बरा. तोच खोदायला उतरला.

आत मूळपुरुष सापडला नाही. सापडली हाडं, आणि तीही एकाची नव्हेत. साहेबांनी कवट्या ओळीनं मांडल्या. सात मोठ्या, एक लेकराची. शेजारी काळी-तांबडी मडकी.

"सायेब, ह्यातला आमचा कोन?"

"सांगता येत नाही. दोन हजार वर्षांहून जुनी माणसं ही. तुमची असतील, नसतीलही."

"मग आमचं दूध कोन पीत हुतं?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत दुधाचंही टिपून घेतलं.

घरी मायाप्पा बायकोला, बनाबाईला म्हणाला, "आपली असली तर सुतक धराय पायजे. नसली तर इतकी वर्सं परक्याच्या पाया पडलो की."

"लेकरू हाय म्हन्ताय न्हवं?" बनाबाई म्हणाली. "मग कुनाचं का असंना."

हाडं न्यायला पेट्या आल्या. गवतात ठेवलेली कवटी पेटीत खडखडली, तसा मायाप्पा घरी पळाला आणि घोंगड्यासाठी राखलेली लोकर पाटीभर घेऊन आला. लेकराची कवटी त्यानं स्वतः लोकरीत बसवली. बैलगाडी स्टेशनाकडं गेली आणि हा खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. रडावं तर कुणासाठी, ते कळेना.

तीन दिवस दोघांनी कशाला फोडणी दिली नाही. चौथ्या दिवशी मायाप्पानं डोकं भादरून घेतलं. पाणवठ्यावर शेजारची म्हातारी निंगव्वा त्याला बघून दचकली.

"मायाप्पा, कोन गेलं रं घरातलं?"

त्यानं टाळूवरून हात फिरवला. "अजून कळलं न्हाय, आक्का," म्हणाला, आणि मेंढरं हाकत निघून गेला.