पोटपट्ट्याची भोकं

भिजलेल्या हरभऱ्यांचा वास आला की मला मंगळवार पेठेतले ते टांगेवाले मामा आठवतात. नव्वद सालाच्या पुढंमागं त्यांचा घोडा दुखण्यातून उठला, तेव्हा नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. मी मायेनं बादलीभर हरभरे नेले, तर मामा भर रस्त्यात ओरडले, "अवो मास्तर, मारताय काय त्याला? आजारी पोट हाय, मूठमूठच द्यायचं की!"

वाळलेल्या घोड्याच्या पोटाला आवळून बसावा म्हणून पोटपट्ट्याला त्यांनी दाभणानं चार जादा भोकं पाडली होती. घोडा भरून पट्टा एक भोक सैल करावा लागला की साऱ्या गल्लीला हाका मारून दाखवायचे. पट्टा जुन्या भोकावर येईतोवर टांगा बंद, कमाईही बंद.

दिवाळीत पट्टा जुन्या भोकावर आला. "जमलं की!" म्हणत मामा टांग्यावर चढले, तसा सदरा वर सरकला. त्यांच्या कमरेच्या पट्ट्यालाही दाभणाची तसलीच भोकं होती.