झाकण काढून बघणारी बाई

खाणीत तिला सगळे पळाताई म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या दिरानं. खाली खाणीत दगड उपसणारं ते अवाढव्य शॉवेल तोच चालवायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हिनं वायरलेसवर "पळा!" म्हणून अख्खी खाण रिकामी केली होती, आणि खाणीचा कडा जागचा हललासुद्धा नव्हता. अर्धी पाळी वाया गेली. लोक पोट धरधरून हसले.

तिचं काम म्हणजे रडारनं कड्यावर नजर ठेवायची. खाणीच्या काठावर पत्र्याची खोली, तिच्याशेजारी ते यंत्र. दर दोन मिनिटांनी ते सगळा कडा चाचपायचं आणि तो केसभर सरकला तरी पडद्यावर दाखवायचं. कटकट एकच होती. कड्यावरच्या रस्त्यानं डंपर गेला की यंत्र उगाच बोंब मारायचं. म्हणून यंत्रानं तिकडे लक्ष देऊ नये असं करून पडद्यावरचा तेवढा तुकडा झाकून ठेवायची तिथली रीत. एकदा झाकला की कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ही मात्र रोज सकाळी ते झाकण काढून दहा मिनिटं बघत बसायची.

"काय पळाताई, भाजी शिजली का?" खाणीचा साहेब विचारायचा.

"चव घेऊन सांगते," ही मान वर न करता म्हणायची.

त्या सकाळी तिनं झाकण परत ठेवलंच नाही. डंपरची खूण पुढेमागे उड्या मारते. झाकणाखालची ही रेघ मुकाट्यानं एकाच दिशेला चढत होती. कडा आधी तासाला दोन मिलिमीटर सरकत होता, दहा वाजेपर्यंत पाच. आणि बरोबर त्या तुकड्याखाली दिराचं शॉवेल! तिनं वायरलेस उचलला.

"खाण रिकामी करा."

"वहिनी, नक्की पडणार का?" दीर म्हणाला. मागे कोणीतरी खिदळलं.

"नक्की नाही सांगता येत, भाऊजी. तरी निघा."

एकदा तोंडघशी पडल्यावर पुन्हा असं म्हणायला छाती लागते. माझ्यात नाही एवढी. दीर शॉवेल तिथंच सोडून कुरकुरत निघाला, त्याच्यामागून बाकीचे.

बारा वाजले. कडा ढिम्म. साहेब येरझाऱ्या घालून दमला.

"पाठवू का परत?"

"नको."

"आणि नाहीच पडला तर?"

"तर दुसरं नाव ठेवा."

दोनच्या सुमाराला आधी धूळ उठली, मग आवाज आला. धूळ बसली तेव्हा ढिगाऱ्यातून शॉवेलचं फक्त टोक दिसत होतं.

ती अजून पळाताईच आहे. पण रोज सकाळी दीर नव्या शॉवेलमध्ये चढतो आणि मशीन सुरू करण्याआधी वायरलेसवर विचारतो, "वहिनी, झाकण काढलंत?" ती हो म्हणेपर्यंत रांगेतले सगळे डंपर इंजिन बंद ठेवून थांबतात.