आवतन दिलेले बैल

साठ-एकसष्टची गोष्ट. मी अमरावतीहून मॅट्रिक होऊन दर्यापूरकडच्या आमच्या गावी आले आणि त्याच वैशाखात बाबा गेले. घरात उरलो माय आणि मी. भाऊ नाही. तेरवी आटोपताच बाबांचे धाकटे, वेगळे राहणारे भाऊ, आमचे काकाजी, आमच्या घरचे कारभारी होऊन बसले. कोणी बसवलं? कोणीच नाही.

त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. बैलजोडी विकायची, वावर त्यांनी वाहायचं, मायनं अकोल्याला जुन्या शहरात मामाकडं जाऊन राहायचं आणि माझे दोनाचे चार हात करून टाकायचे. बाबांच्या सालदार गड्यानं पराटी, म्हणजे कापूस, पेरून दिली, तर लगेच त्यालाही यांनी आपल्याकडं ओढून घेतलं. वावरात तण माजत होतं आणि मी ओसरीत बसून असायची. पुढं काय, ते काही केल्या सुचत नव्हतं. अंगात राग तेवढा ढीगभर होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि माणसाला द्यावं तसं त्यांना जेवायचं आवतन देतात. एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाईपर्यंत बैल घरचा पाहुणा. पण ज्या घरात मयत झाली, ते घर वर्षभर सण धरत नाही. म्हणूनच काकाजी निर्धास्त होते. त्या संध्याकाळी ते सरळ गिऱ्हाईकच घेऊन आले, वलगावकडचा एक म्हातारा शेतकरी.

आम्ही सगळे बैलांच्या कोठ्यात गेलो. पाहतो तर दोन्ही बैलांच्या खांद्यांवर हळद! माय त्यांच्या मधात उभी, हात कोपरापर्यंत पिवळे. मलाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

काकाजी असे तापले की विचारू नका. दुखाच्या घरात कसला पोळा, लोक तोंडात शेण घालतील, तुम्हाला काही जनाची-मनाची आहे की नाही, असं वाट्टेल ते बोलले. माय त्यांच्यापुढं आजवर कधी मान वर करून बोलली नव्हती.

"सुतक आमाले हाये, भाऊजी," ती म्हणाली. "बैलाईले कायचं सुतक? वर्षभर राबले थे. म्या आवतन देल्लं."

काकाजींना वाटलं, गिऱ्हाईक हसेल. तो हसला नाही. त्यानं बैलाच्या खांद्यावरची हळद बोटानं पाहिली, मायला हात जोडले आणि आवतन दिलेले बैल आपण नेत नसतो म्हणून चालता झाला. काकाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. जाता जाता त्यांनी विचारलं, ठीक आहे, पण उद्या जोडी पोळ्यात नेईल कोण?

"मी नेईन," मी म्हटलं.

आमच्यात तेव्हा बाया निंदायच्या, कापूस वेचायच्या, पण बैलाच्या कासऱ्याला हात लावायच्या नाहीत. पोळ्यात तर सोडाच. सकाळी मायनं पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं. ते आता तिनं नेसायचं नाही, असं बायांनी तिला बजावून ठेवलं होतं. तिनं ते मधून टर्रकन फाडलं आणि दोन्ही बैलांच्या पाठीवर झूल म्हणून घातलं. रडली नाही. मला मात्र तिच्याकडं पाहवेना.

गावाबाहेर तोरण बांधलं होतं. पोळ्याच्या रांगेत ज्याची त्याची जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली. आमची कडुलिंबाखालची. ज्याची जोडी तिथं उभी राहिली नाही त्याची शेती बसली, असं गाव धरून चालायचं. मी पोचले तर तिथं काकाजी आपली जोडी घेऊन उभे. लोक खिदळायला लागले. पोरी, पोळा हाये, भुलाबाईचे गाणे नाही, असंही कोणी तरी म्हणालं. मी कोणाकडं पाहिलं नाही. आमची जोडी सरळ काकाजींच्या जोडीला नेऊन भिडवली आणि कासरा ढिला सोडून उभी राहिले. शिंगाला शिंग लागायला लागलं. आता दोघांपैकी एकानं तरी हटायला पाहिजे होतं, आणि मी हटणार नव्हते. काकाजींनी शिव्या हासडल्या, पण जोडी मागं घेतली. तोरण तुटून पोळा फुटला तेव्हा आमचे बैल कडुलिंबाखालीच उभे होते.

पोळ्याची कर सरली आणि तिसऱ्या दिवशी मी वावरात डवरा, ओळींमधलं तण काढायचं औत, जुंपला. मायनं पुढून बैल धरले, मी मागून डवरा दाबला. काळी माती ओली होती, पायाला चिखलाचा बोजा चिकटत होता. डवरा सारखा तणातून निसटून पराटीत घुसायचा आणि उभी झाडं उपटून टाकायचा. तळहाताला फोड आले. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, दोनचार जण तमाशा पाहायला जमले, त्यांत काकाजी.

आम्ही धुऱ्यापर्यंत पोचलो. काकाजींनी मागं पडलेल्या तासाच्या रेघेवरून नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तास वाकडं गेलं."

"वाकडं असन," मी म्हटलं, "पन आमच्या वावरात हाये."

आणि मायनं बैल पलटवले.