चंद्रीचे दोर

चीनच्या लढाईच्या आधी माझी पोस्टिंग मुळशीला होती. धरणाच्या पाण्याकाठी खेचरांच्या एका तुकडीचा ट्रेनिंग कॅम्प होता आणि त्याला जोडून तंबूतला छोटा दवाखाना. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट. कॅम्पात बाई मी एकटीच. लोक अजून विचारतात, भीती नाही वाटली? कामातून वेळ मिळाला असता तर वाटली असती.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे जनावरांना पाणी, मग खरारा, मग ओझी लादून डोंगर चढायचा. कुणाला लाथ बसलेली, कुणाचा पाय मुरगळलेला, असे जवान दुपारी माझ्याकडे येत. संध्याकाळी रिट्रीटचा बिगुल वाजला की प्रत्येक जनावर छपराखाली, अगाडी-पिछाडीने बांधलेलं. अगाडी म्हणजे पुढचा, गळ्याकडचा दोर; पिछाडी म्हणजे मागच्या पायांचा. स्टँडिंग ऑर्डरच होती आणि तिला कारण होतं. डोंगरात बिबट्या होता.

तुकडीत घोडी एकच, चंद्री. खेचरं तिच्या मागे चालत. ती पुढे नसली तर चढावर अडून राहत. तिची देखभाल नाईक शिरपतीकडे होती. दिवाळीनंतर ती खोकू लागली. बघता बघता नाकपुड्या फाकल्या, पोट भात्यासारखं हलू लागलं, दाणा सुटला. जनावरांचे डॉक्टर पुण्याहून पुढच्या आठवड्यात येणार होते. तुकडी सोमवारी डोंगरात कूच करणार होती. रविवारी सकाळी कॅप्टनसाहेब म्हणाले, "उद्या तिला गोळी घाला. हे हाल बघवत नाहीत." ते पंजाबचे. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत होई, इथे मराठीत देते.

मी छपरात जाऊन उभी राहिले. माझेच डोळे चुरचुरले. खाली भाताचा पेंढा, पावसाळ्यात भिजून बुरशी धरलेला, त्यात मुताचा दर्प. खेचरं सोसत होती, घोडीला सोसत नव्हतं. मळणीच्या धुळीने धाप लागलेली माणसं मी पाहिली होती. मोकळ्या हवेत आणून बसवली की त्यांचा श्वास मोकळा होतो. मी तडक कॅप्टनच्या तंबूत गेले.

"सर, आजची रात्र तिला कुरणात ठेवा."

"सिस्टर, तुम्ही माणसं बघा."

"माणसं बघून झाली."

"बिबट्याने खाल्ली तर?"

"उद्या गोळी घालणारच आहात. त्याचं तरी पोट भरेल."

ते हसले नाहीत. "एक रात्र. बांधून ठेवायची. शिरपती पहाऱ्याला. सकाळी फरक नसेल तर गोळी."

उन्हं उतरल्यावर शिरपतीने कुरणात मेखा ठोकल्या आणि छपरात बांधायचा तशीच चंद्री बांधली, पुढून-मागून, ताणून. कुरणाच्या कडेला ठकूबाई धनगरणीचं खोपट होतं. पाऊस सरला की तिच्या म्हशी रात्री उघड्यावरच बसत, रेडकं मधे घेऊन. ती म्हशी वळवत आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"वाघराला ताट वाढलंय जनू," ती म्हणाली.

"मावशे, सरकारी जनावर हाय. बांधाया लागतंय," शिरपती म्हणाला.

"मंग सरकारलाच बसव की राखणीला."

"मी बसतोय न्हवं?"

"तू? तुज्या घोरण्याला भिऊन पळंल व्हय त्ये?"

मी विचारलं, "मावशी, तुमच्या म्हशींत सोडू का हिला?"

"सोड की बाय. शिंगं रोखून हुब्या ऱ्हात्यात त्या. पर मोकळी सोड. बांधल्यालीला ना पळता येतंय, ना लाथ झाडता."

लहानपणी आमच्या गावी, नांद्यात, माझे वडीलही आपली घोडी रात्री रानात सोडत, ती मोकळीच. मी शिरपतीला म्हटलं, "दोर काढ."

"न्हाई सिस्टर. बांधायचा हुकूम हाय. जनावर ग्येलं तर माजी हवालदारकी ग्येली." नाईकाचा हवालदार व्हायची त्याची बढती मंजूर झाली होती, बाहीवरची फीत तेवढी यायची होती.

"मी सांगतेय."

"तुमी दवाखान्याच्या. तुमचा हुकूम मला लागू न्हाई."

खरं होतं. मी खाली बसले आणि पिछाडीच्या गाठीला हात घातला.

"आवो, लाथ बसंल," तो म्हणाला. "मागनं नगा, बाजूनं बसा." मी बाजूला सरकले आणि गाठ सोडली. मग तो पुढे झाला आणि अगाडी त्याने स्वतः सोडली.

उजाडताच मी कुरणात गेले. ओल्या मातीत बिबट्याचे ठसे थेट मेखांपर्यंत आले होते आणि तिथून परत फिरले होते. म्हशी उभ्या होत्या. रेडकांमध्ये चंद्री चरत होती. पोट अजून हलत होतं, पण नाकपुड्या खाली बसल्या होत्या.

"पहाटंपासनं खोकली न्हाई," शिरपती म्हणाला.

कॅप्टन रायफलवाल्या जवानाला घेऊन आले. त्यांनी चंद्रीच्या बरगडीला स्वतः कान लावला. "गोळी नको," म्हणाले. मग त्यांना मेखा दिसल्या.

"दोर कोणी सोडले?"

"मागचा मी," मी म्हटलं.

"आणि पुढचा?"

शिरपती सावधान झाला. "मी, सर."

"सिस्टर, तुमच्यावर माझा अधिकार नाही. याच्यावर आहे."

शिरपतीची बढती रोखली गेली. मी जाऊन भांडले. "बांधलेली असती तर मेली असती, सर. ठसे तुम्ही पाहिलेत."

"पाहिले. पण उद्या प्रत्येक जण स्वतःला पटेल तो दोर सोडील."

"सोडू दे. पटण्यासारखा असेल तर."

त्यांनी मला जायला सांगितलं. पुढे आजारी जनावर रात्री बाहेर, मोकळं ठेवायचं, अशी ऑर्डर त्यांनीच काढली. शिरपतीची फीत मात्र आली नाही. तो मलाच समजावत होता. "सिस्टर, तोंड पाडू नगा. घोडी हुबी हाय न्हवं? फीत काय, शिंपीबी शिवून देतोय."

चीनच्या लढाईत तो पूर्वेच्या डोंगरात दारूगोळ्याची खेचरं वर चढवताना पडला. देह मिळाला नाही. त्याच्या गावाने शाळेजवळ त्याच्या नावाचा दगड उभारला, तेव्हा मला बोलावलं. मी बोलायला उभी राहिले आणि सुरुवात केली, "हवालदार शिरपती..."

व्यासपीठावरचे निवृत्त मेजर हळूच म्हणाले, "नाईक, मॅडम. दगडावर नाईक आहे."

समोर त्याची बायको बसली होती. मी तिच्याकडे बघत पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. "हवालदार शिरपती." आणि माझं बोलणं संपेपर्यंत त्याला दुसरं काही म्हटलं नाही.