ढिगावर ठेवलेली हातोडी

मैत्रिणींनो, आज सकाळी राहुरीत आमच्या इंग्रजीच्या क्लासला बाईंनी फळ्यावर ‘पिक अप’ लिहिलं. फोन उचलणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं, सगळ्याला तेच! शेवटचा अर्थ त्यांनी सांगितला, सोडलेलं काम तिथूनच पुढे सुरू करणं.

माझी लहानपणची मैत्रीण शांता म्हणाली, “ह्ये काय ध्यानात येत न्हाई.”

मी म्हटलं, “अगं, बहात्तरच्या दुष्काळात आपन खडी फोडायला हुतो. पानी प्यायला उठताना हातोडी आपल्या ढिगावर ठेवून जायचो. मग त्या ढिगाला दुसरं कुनी हात लावायचं न्हाई. परत येऊन तिथूनच फोडायचं.”

“व्हय की!” शांता हसली.

मला मात्र वेगळंच आठवलं. त्याच खडीपायी माझी सातवीतली शाळा सुटली होती.

घरी येऊन सांगितलं, मी दहावीला बसणार. मुलगा म्हणाला, “आई, आता या वयात?”

“व्हय, याच वयात. आन् संध्याकाळी मला चहा मागायचा न्हाई, मी अभ्यासाला बसनार.”

तुमची हातोडी कुठल्या ढिगावर ठेवलेली आहे, मैत्रिणींनो? ढीग अजून तुमचाच आहे.